बिल एका गाडीचं, ताब्यात दिली दुसरीच: डीलरने चुकीची गाडी दिली तर काय करायचं?

रानजाई
नुकतीच आम्ही नवी गाडी घेतली. बुकिंग सुरक्षा पॅक असलेल्या गाडीचं केलं होतं, म्हणजे सहा एअरबॅगवालीचं. या मॉडेलमध्ये पॅक असलेली आणि नसलेली गाडी बाहेरून अगदी सारखी दिसते. चाकं तीच, दिवे तेच, मागचा बॅजही तोच. आम्ही पॅकचे जास्तीचे पैसे मोजले ते एकाच कारणासाठी. मागच्या सीटवर मुलं आणि सासूबाई बसतात, आणि खिडक्यांवरून खाली उघडणाऱ्या पडदा एअरबॅग फक्त पॅकमध्येच मिळतात.

काल सासूबाईंचा पट्टा अडकला म्हणून मी दाराजवळच्या खांबावरचं प्लास्टिक निरखून पाहत होते. मैत्रिणीकडे हीच गाडी आहे. तिच्या गाडीत त्या जागी, छताच्या जरा खाली, ‘एअरबॅग’ अशी उठावाची अक्षरं आहेत. आमच्या गाडीत ती जागा कोरी आहे. पुढच्या सीटच्या बाहेरच्या शिवणीत एक छोटा टॅग असतो, तोही नाही.

मग कागद काढले. बिल, नोंदणी आणि विमा, तिन्हींवर चासी नंबर एकच. पण पुढच्या काचेखाली दिसणाऱ्या नंबरचे शेवटचे आकडे वेगळे!

शोरूमला फोन केला तर सेल्समन म्हणाला, “मॅडम, टायपिंग मिस्टेक असेल, कागद दुरुस्त करून देतो.” पॅकचं विचारल्यावर फोन मॅनेजरकडे गेला. ते म्हणाले, “मॉडेल तेच, कलर तोच. सीट कव्हर आणि वाढीव वॉरंटी आमच्याकडून घ्या. नोंदणी झालेली गाडी परत घेता येत नाही.”

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खरंच परत घेता येत नाही का? आणि तोवर ही गाडी वापरायची की नाही?

चौथा_गिअर
आधी गाडी उभी करा, बाकी सगळं नंतर. तुमचा विमा कागदावरच्या चासी नंबरचा आहे आणि रस्त्यावर धावतेय ती दुसरीच गाडी. उद्या देव न करो काही झालं, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिली गोष्ट चासी नंबर पडताळून पाहतो. नंबर जुळला नाही की दावा तिथेच अडकतो. दुसऱ्या कुणाला इजा झाली तर प्रकरण आणखी वाढेल.

आजच फोटो काढून ठेवा. काचेखालचा नंबर, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर. हा ठोकलेला नंबर कुठे असतो ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटजवळ गालिच्याखाली असतो. ओडोमीटरचाही फोटो घ्या, म्हणजे नंतर “तुम्ही भरपूर वापरलीत” असं कुणी म्हणू शकणार नाही.

अनुस्वार
चौथा_गिअर यांना अनुमोदन. त्यात थोडी भर.

आजच्या गाड्यांचा चासी नंबर सतरा जागांचा असतो. आयएसओ 3779 हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. अमेरिकेत 1981 च्या मॉडेलपासून सतरा अक्षरं सक्तीची झाली. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं त्यात वापरत नाहीत, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. पहिल्या तीन जागा निर्मात्याच्या. पुढच्या सहांत गाडीचं वर्णन येतं, बॉडी, इंजिन वगैरे. शेवटच्या आठांत ती नेमकी गाडी, आणि तिचा अनुक्रमांक अगदी शेवटी. एकाच यार्डात एकाच रंगाच्या दोन गाड्या उभ्या असतील तर फरक बहुधा फक्त या शेवटच्या आकड्यांत दिसतो.

उत्तर अमेरिकेत नववी जागा पडताळणीची असते. बाकीच्या अक्षरांवरून ती गणिताने काढतात, त्यामुळे नंबर लिहिताना एखादं अक्षर चुकलं की बहुधा हिशोब जुळत नाही. तिथे ‘टायपिंग मिस्टेक’ हे कारण खरं की खोटं ते मिनिटभरात तपासता येतं. इतर बऱ्याच देशांत ही सक्ती नाही.

पण इंटरनेटवरच्या फुकट डिकोडरवर विसंबू नका. सुरक्षा पॅक आहे की नाही हे सगळेच निर्माते चासी नंबरात लिहीत नाहीत, आणि रंग तर त्यात नसतोच. कारखान्यातून गाडी कुठल्या सामानासकट बाहेर पडली याची नोंद निर्मात्याकडे असते. ती लेखी मागा, दोन्ही नंबरांची.

पाना_स्पॅनर
मी बरीच वर्षं एका डीलरकडे यार्ड आणि डिलिव्हरी बघत होतो. हे कसं घडतं ते आतल्या बाजूने सांगतो, म्हणजे ताईंना कुणाला काय विचारायचं ते कळेल.

बाहेरून शोरूम म्हणजे एकच कचेरी वाटते, आत सगळे वेगवेगळे. बिलिंगवाला संगणकावर बसतो. तुमच्या बुकिंगसमोर तो एक चासी नंबर लावतो. याला आम्ही अलॉटमेंट म्हणतो. त्या नंबरवर बिल निघतं, त्यावरच विमा आणि नोंदणी. या माणसाने गाडी डोळ्यांनी पाहिलेली नसते. गाडी यार्डात, कधी कधी शोरूमपासून कितीतरी लांब. यार्डवाल्याकडे निरोप जातो तो असा: “पांढरी, ऑटोमॅटिक, शेवटचे चार आकडे अमुक.” तो किल्लीच्या कपाटाकडे जातो. किल्लीला टॅग असतो, टॅगवर पेनाने आकडे. पावसात भिजलेला टॅग, एकाचा सात झालेला, किंवा दोन किल्ल्यांचे टॅग हलवाहलवीत अदलाबदल झालेले. गाडी धुवायला जाते, तिथून पीडीआयला म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीला. त्या तपासणीच्या फॉर्मवर चासी नंबर गाडीवरून उतरवून घ्यायचा असतो. महिनाअखेरीला गाड्यांची रांग लागली की तो बिलावरून उतरवतात. नेमकी तिथे चूक झाकली जाते. यापुढे प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी जुळतो, आणि गाडीशी कुणी जुळवूनच पाहत नाही. मग गेटपास, हार, फोटो, पेढ्यांचा डबा, आणि गाडी बाहेर.

म्हणून तीन कागद मागा: अलॉटमेंटची नोंद, पीडीआयचा फॉर्म आणि गेटपास. गेटवरचा पहारेकरी बऱ्याच ठिकाणी नंबर स्वतः बघून वहीत लिहितो. खरा आकडा त्याच वहीत सापडण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात महत्त्वाचं: “कागद दुरुस्त करून देतो” याला चुकूनही हो म्हणू नका. एकदा कागदांवर ताब्यातल्या गाडीचा नंबर चढला की तुम्ही पॅक नसलेलीच गाडी विकत घेतली असं रेकॉर्ड तयार होतं. आज कागद तुमच्या बाजूने आहेत. गाडी कागदाप्रमाणे द्यायची असते, कागद गाडीप्रमाणे करायचे नसतात.

तिन्हीसांज
वाचूनच धस्स झालं. मुलांच्या सुरक्षेसाठी घेतलेल्या गाडीत नेमकं तेच नसावं! एक प्रश्न. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा लागून विझतो. एअरबॅग नसतील तर तो लागून राहायला नको का?

पाना_स्पॅनर
नाही. त्या गाडीच्या मॉड्यूलला, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, जेवढ्या एअरबॅग असल्याचं कारखान्यात सांगितलेलं असतं, तेवढ्याच ते तपासतं. दोन सांगितल्या आणि दोन ठीक असल्या की दिवा विझणार. दिवा विझला म्हणजे सहा आहेत असं अजिबात नाही.

मॅनेजरने सीट कव्हर देऊ केलीत म्हणून हेही सांगतो. सीटच्या कुशीत एअरबॅग असलेल्या गाडीला साधं जाड कव्हर चढवू नये. शिवण फाटून बॅग बाहेर यायची असते, कव्हर तिला अडवतं. तुम्हाला ठरलेली गाडी मिळाली की तिलाही ती फुकटची कव्हरं लावू नका.

दूरदेशी
सगळ्यांच्या भावना कळतात, पण व्यवहाराचंही बघायला हवं. दुसरी नवी गाडी यायला किती महिने लागतील सांगता येत नाही. कर्जाचे हप्ते सुरू झाले असतील. दोन व्हेरिअंटच्या किमतीतला फरक, वर नुकसानभरपाई आणि वाढीव वॉरंटी असं लेखी मिळत असेल तर मी विषय मिटवला असता. भांडणात माणसाचा वेळ आणि झोप दोन्ही जातात.

रानजाई
दूरदेशी, तुमचं म्हणणं समजतंय. घरातही एक मत तेच आहे. पण फरकाचे पैसे घेऊन मी करू काय? पडदा एअरबॅग नंतर बाहेरून बसवता येत नाहीत, मी सर्व्हिस सेंटरला विचारलं. छताची चौकट, वायरिंग, सेन्सर, सगळंच वेगळं असतं म्हणे. सीट कव्हर किंवा स्क्रीन कमी आलं असतं तर मीही पैसे घेऊन गप्प बसले असते.

गाडी उभी केली आहे. फोटो काढले.

साक्षीपुरावा
मी वकिली करते. देशागणिक तपशील बदलतात, तुमच्या प्रकरणात स्थानिक वकिलाला कागद दाखवाच. पण ज्या तत्त्वावर तुम्ही उभ्या आहात ते जुनं आणि भक्कम आहे. माल वर्णनावरून विकला असेल तर दिलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ब्रिटनच्या 1893 च्या मालविक्री कायद्यात हे आलं आणि त्याच धर्तीवर कितीतरी देशांनी आपापले कायदे केले.

“तुम्ही गाडी बघून घेतलीत” असं डीलर म्हणेल. त्यावर 1967 चा बील विरुद्ध टेलर हा खटला वाचण्यासारखा आहे. जाहिरातीत गाडी 1961 ची हेराल्ड (ट्रायम्फ कंपनीचं मॉडेल) म्हटली होती. घेणाऱ्याने ती बघितली आणि मगच घेतली. नंतर कळलं की ती दोन गाड्यांचे अर्धे तुकडे जोडून केलेली आहे. मागचा भाग 1961 चा, पुढचा आधीच्या मॉडेलचा. विकणाऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. तरी न्यायालयाने निकाल घेणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडी डोळ्यांसमोर होती म्हणून वर्णनाची जबाबदारी संपत नाही, आणि विकणाऱ्याचा हेतू प्रामाणिक होता म्हणूनही संपत नाही.

दुसरं, डीलरच्या शब्दाला जास्त वजन असतं. 1957 च्या ऑस्कर चेस विरुद्ध विल्यम्स खटल्यात एका सामान्य माणसाने आपली जुनी मॉरिस गाडी डीलरला दिली, 1948 ची म्हणून. नोंदवहीत तसंच होतं, पण आधी कुणीतरी त्यात फेरफार केला होता. गाडी निघाली 1939 ची. डीलर हरला, कारण ज्याला गाड्यांतलं कळतं तो तोच होता. 1965 च्या डिक बेंटली खटल्यात बाजू उलटी. तिथे इंजिन बदलल्यापासून गाडी किती मैल चालली हे डीलरने चुकीचं सांगितलं, आणि तो शब्द त्याला बांधील ठरला. ज्याच्याकडे खरं-खोटं तपासण्याची साधनं आहेत त्याच्यावर शब्दाची जबाबदारी येते. तुमच्या प्रकरणात यार्ड त्याचं, संगणक त्याचा, तपासणीचा फॉर्म त्याचा.

आता वेळेचं. हा माल ठरल्याप्रमाणे नाही हे कळल्यावर ग्राहक गप्प राहून वापरत राहिला, तर वाजवी काळानंतर त्याने माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून फोनवर बोलणं थांबवा. आजच ईमेल करा आणि पोचपावतीचं पत्रही पाठवा. त्यात भावना नकोत. बुकिंगमध्ये काय ठरलं, बिलावर कुठला नंबर, गाडीवर कुठला नंबर, ही गाडी मी नाकारत आहे, अमुक तारखेपासून ती वापरात नाही, बिलावरची गाडी द्या किंवा पूर्ण रक्कम परत करा. प्रत निर्मात्याच्या ग्राहक विभागाला, विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला. बँकेला विसरू नका. तिने ज्या गाडीवर कर्ज दिलं ती गाडी तुमच्या दारात नाही, त्यामुळे डीलरला विचारणारी आणखी एक मोठी संस्था तुमच्या बाजूने उभी राहते.

काठावरचा
अमेरिकेत तीन दिवसांत गाडी परत करता येते ना? तसा नियम सगळीकडे हवा.

साक्षीपुरावा
हा फार पसरलेला गैरसमज आहे. तो तीन दिवसांचा केंद्रीय नियम घरी येऊन किंवा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे. डीलरच्या कायमच्या शोरूममध्ये घेतलेल्या गाडीला तो लागू नाही. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने ठरल्याप्रमाणे नसलेला माल 30 दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात.

पण रानजाईंचं मन बदललेलं नाही. त्यांना ठरलेली गाडी हवी आहे आणि ती मिळालेलीच नाही. ‘परत घेण्याचं धोरण’ हा शब्द मॅनेजरने काढला की त्यांना इथेच थांबवा.

काठावरचा
धन्यवाद. आणि चूक ग्राहकाच्या फायद्याची झाली तर? म्हणजे चुकून वरची गाडी दिली तर?

साक्षीपुरावा
तीही चूकच. गप्प बसून ठेवून घेऊ नये. पण डीलरनेही ती सरळ मार्गाने सोडवायला हवी. 2012 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका ग्राहकाने गाडी बदलून दुसरी घेतली आणि डीलरने करारावर चुकून कमी किंमत लावली. नंतर फरक मागितला, ग्राहकाने करार दाखवला, आणि प्रकरण ग्राहकाला अटक होण्यापर्यंत गेलं. शेवटी डीलरलाच जाहीर माफी मागावी लागली.

अनुस्वार
ताई, नवी गाडी द्यायला तयार झाले तर ती खरोखर नवी आहे का हेही बघा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. रंगाच्या जाडीचं छोटं यंत्र मिळतं, तेही लावून बघा. अमेरिकेत एका डॉक्टरांना बीएमडब्ल्यू नवी म्हणून विकली गेली, पण ती पुन्हा रंगवलेली होती. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर सांगायचं नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1996 मध्ये न्यायालयाने दंडाची 20 लाख डॉलरची रक्कम अवाजवी ठरवली, पण फसवणूक झाल्याचा निष्कर्ष बदलला नाही.

तिन्हीसांज
मला मघापासून एक गोष्ट सतावतेय. रानजाईंची पॅक असलेली गाडी मग कुठे आहे? यार्डात उभी असेल तर ठीक. पण किल्ल्यांची अदलाबदल झाली असेल तर ती दुसऱ्याच कुटुंबाकडे गेली असणार. त्यांचाही विमा चुकीच्या नंबरचा, आणि त्यांना पत्ताच नाही. ते रोज त्या गाडीतून फिरत असतील!

पाना_स्पॅनर
अगदी बरोबर, हे माझ्या लिहिण्यातून सुटलं होतं. सेम कलरच्या दोन गाड्या एकाच दिवशी निघाल्या असतील तर हीच शक्यता सगळ्यात मोठी. डीलर त्यांना आपणहून कळवेल याची खात्री नाही, कारण त्यांच्या दृष्टीने एक तक्रार मिटवायची असताना दुसरी उघडायची नसते. ताई, पत्रात हा प्रश्न थेट विचारा: बिलावरच्या नंबरची गाडी या क्षणी कुठे आहे?

रानजाई
पत्र गेलं, चारही ठिकाणी. तिन्हीसांज, तुमचा प्रश्न शब्दशः घातला.

शोरूममधून आधी मॅनेजरचा फोन आला, आवाज बराच बदललेला. “पत्र कशाला, समोर बसून बोललो असतो.” मी म्हटलं, बोलू, पण जे बोलाल ते ईमेलवर द्या. मग बँकेच्या माणसाने त्यांना विचारणा केली आणि चक्रं फिरली. निर्मात्याकडून दोन्ही नंबरांची नोंद आली. बिलावरची गाडी पॅकसकट बनलेली, आमच्या दारातली पॅकशिवाय. टायपिंग मिस्टेक वगैरे काही नव्हतं.

आणि आमची गाडी खरंच दुसऱ्या कुटुंबाकडे आहे. त्यांनी पॅक नसलेली मागवली होती. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, येणार तरी कसं? निर्मात्याच्या ग्राहक विभागाने त्यांना फोन करून गाडी उभी ठेवायला सांगितलं, हे मला त्या विभागाने लेखी कळवलं आहे. मला सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते हे वाचून.

आता डीलर म्हणतोय की दोघांनी गाड्या अदलाबदल करा, जुने कागद तसेच चालतील. करावं का?

चौथा_गिअर
नको. ती गाडी दुसऱ्याने वापरलेली आहे. कशी चालवली, कुठे आपटली, काही माहीत नाही. तुम्ही पैसे नव्या गाडीचे भरलेत.

दूरदेशी
आधी मी मिटवून टाका म्हटलं होतं, पण निर्मात्याची लेखी नोंद हातात असताना नवीच गाडी मागा. अदलाबदल करायचीच झाली तर तपासणी, नव्याने सुरू होणारी वॉरंटी आणि भरपाई, सगळं निर्मात्याच्या सहीने.

साक्षीपुरावा
सहमत. आणि नवी गाडी येईपर्यंत वापरायला दुसरी गाडी मागा, तिच्या विम्याची प्रत बघूनच किल्ली घ्या. मधल्या हप्त्यांचं व्याज कोण भरणार हेही त्याच पत्रात ठरवून घ्या, नाहीतर तो मुद्दा हमखास मागे राहतो. जुनी नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय ‘तक्रार निकाली’ अशा कशावरही सही करू नका.

रानजाई
नवी गाडी द्यायचं लेखी कबूल केलं आहे. व्याज डीलर भरणार, पर्यायी गाडी उद्या येतेय. त्या दुसऱ्या कुटुंबाशी माझं बोलणं झालं. त्यांनाही हे सगळे प्रतिसाद पाठवलेत, त्यांचं पत्र आज जातंय.

पाना_स्पॅनर, एकच विचारायचं राहिलं. यार्डात जाऊन पत्र्यावर ठोकलेला नंबर बिल निघण्याआधीच बघता येईल का? शोरूम म्हणतेय, ग्राहकाला यार्डात सोडत नाही.

पाना_स्पॅनर
यार्डात सोडत नसतील तर गाडी शोरूमला आणायला सांगा. ती आणता येते, रोज आणतात. नंबर स्वतः वाचा, स्वतः लिहून घ्या, आणि त्या चिठ्ठीवरून तुमच्यासमोर बिल काढायला लावा. शक्य असेल तर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातला नंबरही बघून घ्या. बहुतेक नव्या गाड्यांत तो दिसतो. आणि खांबावरची अक्षरं तर तुम्हाला आता माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत.